टाइम स्पाय पास होतं, मग गेममध्ये ओव्हरक्लॉक का कोसळतं?

प्रश्न थोडक्यात असा: आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे कारखान्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कोअर (मुख्य चिपचा वेग) +१५०, मेमरी +१०००, पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) शेवटपर्यंत ओढलेली. टाइम स्पाय या बेंचमार्कची २० फेऱ्यांची स्ट्रेस टेस्ट व्यवस्थित पास होते, तापमान ७२ अंशांच्या वर जात नाही, पॉवर सप्लाय ६५० वॅटचा आहे. तरी रे ट्रेसिंगच्या (प्रकाशाच्या किरणांचं गणित करून चित्र काढणाऱ्या) गेममध्ये अर्ध्या तासात थेट डेस्कटॉपवर यावं लागतं. काही वेळा तर मेन्यूत किंवा लोडिंग स्क्रीनवरच क्रॅश होतो, जिथे कार्डावर भारच नसतो. सगळं मूळ सेटिंगवर आणलं की त्रास थांबतो.

यातलं ‘मेन्यूत किंवा लोडिंग स्क्रीनवर’ हे सगळ्यात कामाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आफ्टरबर्नरमध्ये +१५० दिलं म्हणजे कार्ड एका ठरावीक वेगाला बांधलं जातं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एनव्हिडियाच्या कार्डात व्होल्टेज आणि वेग यांचा एक कर्व्ह असतो. इतक्या मिलिव्होल्टला इतके मेगाहर्ट्झ, अशा डझनावारी बिंदूंची ती मालिका असते. ऑफसेट, म्हणजे हे +१५०, दिला की हा अख्खा कर्व्ह वर सरकतो, आणि त्यातला कुठला बिंदू वापरायचा हे कार्ड क्षणोक्षणी ठरवत राहतं. टाइम स्पायसारख्या जड चाचणीत कार्ड पॉवर लिमिटला टेकतं, त्यामुळे ते व्होल्टेज कमी करून कर्व्हवर खाली उतरतं. समजा तिथे ते ०.९५ व्होल्ट आणि १९३५ मेगाहर्ट्झवर राहतं. मेन्यूत भार हलका, वीज हाताशी मोकळी. मग तेच कार्ड १.०८ व्होल्टला २१०० च्या पलीकडे उडी घेतं. तुमच्या २० फेऱ्यांनी तपासला तो पहिला बिंदू. क्रॅश होतोय दुसऱ्यावर, आणि तो टेस्टने एकदाही पाहिलेला नाही.

वरच्या बिंदूंवर घोटाळा आधी होतो त्याला कारण आहे. व्होल्टेज वाढवत नेलं तरी सिलिकॉनचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, वरच्या टोकाला कर्व्ह जवळजवळ आडवा होतो. कारखान्यातून आलेला कर्व्ह तिथे आधीच मर्यादेच्या जवळ असतो. खालच्या भागात १५० मेगाहर्ट्झची मोकळीक असू शकते, वरच्या टोकाला कदाचित ६० चीच असेल. ऑफसेट मात्र दोन्हीकडे सारखाच बसतो.

त्यामुळे ‘माझं कार्ड +१५० ला चालतं’ या वाक्याला दुसऱ्याच्या कार्डासाठी काही अर्थ नाही. कारखान्यातच ओव्हरक्लॉक करून आलेल्या मॉडेलवर तो आकडा आणखी वर जाऊन बसतो. तुलना करायचीच असेल तर प्रत्यक्ष मेगाहर्ट्झ आणि त्या क्षणाचं व्होल्टेज, या जोडीची करा.

आता शोध. पहिल्यांदा कोअर आणि मेमरी वेगळे करा. दोन्ही एकदम वाढवलेले असताना निदान होत नाही, नुसते अंदाज बांधले जातात. मेमरी शून्यावर, कोअर +१५०. त्याच गेममधल्या त्याच जागी खेळा. मग उलट: कोअर शून्य, मेमरी +१०००. प्रत्येक बदलानंतर मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं पुरेसं नाही, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्रायव्हर पूर्ण नव्याने सुरू होत नाही. ड्रायव्हर एकदा कोसळला की कार्ड बऱ्याचदा कमी वेगावर अडकून बसतं किंवा तुमचा ऑफसेट सोडून देतं. त्या अवस्थेत केलेली पुढची चाचणी फसवी असते.

किती वेळ चाचणी करायची, हे क्रॅशच्या वारंवारतेवर ठरवा. सरासरी अर्ध्या तासाने पडणारा गेम एखादा तास सुरळीत चालला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. चार-पाच तास काही झालं नाही, मगच ते सेटिंग बरं म्हणावं. मूळ सेटिंगलाही हाच नियम लावा. ‘ओव्हरक्लॉक काढलं की ठीक’ हे वीस मिनिटं बघून ठरवलं असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही.

चाचणीच्या काळात आफ्टरबर्नरमधला ‘विंडोज सुरू होताना लागू करा’ हा पर्याय बंद ठेवा. कार्डाच्या कंपनीचं स्वतःचं ट्यूनिंग सॉफ्टवेअरही बसवलेलं असेल तर ते काढून टाका. दोन प्रोग्राम एकाच कर्व्हवर लिहीत असतील तर नेमकं कोणाचं सेटिंग लागू आहे ते कळायला मार्ग उरत नाही. ही चूक फार सर्रास होते.

मग नोंद चालू करा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंदीचा कालावधी ५०० मिलिसेकंदांवर आणा आणि फाइलमध्ये लॉग लिहायला लावा. कोअरचा वेग, इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळालेला वेग), कोअरचं व्होल्टेज, तापमान, हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा), एकूण वॅट, ८ पिन जोडणीवरचं १२ व्होल्ट आणि परफॉर्मन्स लिमिटची कारणं (वेग कशामुळे अडला), एवढे रकाने हवेत. क्रॅश झाल्यावर शेवटच्या दहा ओळी वाचा. तीन-चार क्रॅशांच्या शेवटच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र उघड होतं. प्रत्येक वेळी १.०५ व्होल्टच्या वरच पडत असेल तर वरचं टोक दोषी. प्रत्येक वेळी वॅट कमाल असताना पडत असेल तर मधला बिंदू किंवा वीजपुरवठा. व्होल्टेज काहीही असो पण तापमान ठरावीक पातळीला पोचलं की पडत असेल, तर उष्णता.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर इथे मदत करतो, मात्र तो नीट वाचायला हवा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला. एनव्हीएलडीडीएमकेएम या नावाखालच्या १४ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदीही ड्रायव्हरच्याच. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये ‘लाइव्हकर्नलइव्हेंट १४१’ दिसला तर ग्राफिक्स चिप अडकली होती. या सगळ्या नोंदी अस्थिर कोअरशी जुळतात. ‘कर्नल-पॉवर ४१’ एकटीच असेल, तिच्या आधी काहीही नसेल आणि मशीन दिवा विझावा तशी बंद पडली असेल, तर पॉवर सप्लायकडे बघा. ‘व्हिया-लॉगर’ (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ किंवा १९ दिसली तर संशय प्रोसेसर आणि रॅमकडे वळवा. १७ क्रमांक बहुधा पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या, दुव्याबद्दल असतो. कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल लावली असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्लॉट चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीच्या वेगावर ठेवून बघा.

ग्राफिक्स चिपने उत्तर द्यावं म्हणून विंडोज मुळात २ सेकंद थांबतं. रजिस्ट्रीत ही मुदत (‘टीडीआर डिले’) वाढवून ८ किंवा १० करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ओव्हरक्लॉकच्या बाबतीत तो घेऊ नका. चुकीचं गणित करून अडकलेली चिप आठ सेकंद दिल्याने सुटत नाही, फक्त स्क्रीन जास्त वेळ गोठलेली राहते.

तुमच्या लक्षणांवरून मुख्य दोष कोअरच्या कर्व्हचा दिसतो, त्यामुळे दुरुस्ती तिथेच. ऑफसेट सोडा आणि कर्व्ह हाताने बसवा. कार्ड आधी दहा मिनिटं भाराखाली तापवा, कारण थंड कार्डाचा कर्व्ह वेगळा दिसतो. तापमान वाढत जातं तसा ड्रायव्हर वेग १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतो, आणि थंडपणी बसवलेला आकडा तापल्यावर एक-दोन पायऱ्या घसरतो. उलटही होतं: तापलेल्या अवस्थेत स्थिर ठरलेलं कार्ड मशीन सुरू केल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत पडतं, कारण थंड असताना ते त्याच पायऱ्या वर चढलेलं असतं. म्हणून शेवटची चाचणी थंड मशीनवरही घ्यावी.

तर: मेमरी शून्यावर ठेवा, कोअरचा स्लायडर −२०० ला नेऊन लागू करा. कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह उघडा. ९२५ मिलिव्होल्टचा बिंदू उचलून १८९० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि लागू करा. त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू आपोआप त्याच उंचीवर आडवे होतात, म्हणजे कार्ड आता ९२५ च्या वर चढणारच नाही. लोडिंग स्क्रीनवरची ती न तपासलेली उडी इथे कायमची संपते. आता याच बिंदूवर १५ मेगाहर्ट्झच्या पायरीने वर जा: १९०५, १९२०, १९३५. मधले आकडे देऊन उपयोग नाही, ड्रायव्हर ते जवळच्या पायरीवर नेऊन ठेवतो. पहिला क्रॅश जिथे येईल तिथून दोन पायऱ्या मागे या. एकच पायरी मागे येऊन थांबण्याचा मोह होतो, पण १५ मेगाहर्ट्झ म्हणजे १९०० वर एक टक्क्याहूनही कमी. तेवढा फरक डोळ्याला कधीच दिसणार नाही, क्रॅश मात्र दिसतो.

हे करताना इफेक्टिव्ह क्लॉककडे लक्ष असू द्या. मागितलेला वेग १९२० आणि इफेक्टिव्ह १८६०, असा मोठा फरक दिसला तर त्या बिंदूला त्याच्या डावीकडच्या बिंदूंपासून फार उंच उचललं गेलं आहे. अशा वेळी डावीकडचे दोन-चार बिंदूही थोडे वर घेऊन चढ सौम्य करा.

काहींना हे वेग कमी केल्यासारखं वाटतं. हिशेब करून बघा. चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच वेगाला १ व्होल्टऐवजी ०.९२५ व्होल्ट पुरले तर बदलत्या भाराची वीज जवळपास १४ टक्क्यांनी घटते. २२० वॅटच्या कार्डावर ही बचत मोठी आहे. पॉवर लिमिटला न टेकल्यामुळे वेग हेलकावे खात नाही आणि जड दृश्यांत सरासरी बहुतेक वेळा आधीइतकी किंवा अधिकच मिळते. माझं स्पष्ट मत आहे की ३०७० सारख्या कार्डावर ओव्हरक्लॉकची खरी जागा हीच, पॉवर लिमिट शेवटपर्यंत ओढण्यात नाही.

तपासायला कोणते प्रोग्राम घ्यावेत? फरमार्क (कार्डावर कमाल भार टाकणारा प्रोग्राम) या कामाला निरुपयोगी आहे. तो इतकी वीज खेचतो की कार्ड कर्व्हच्या तळाशी जाऊन बसतं, त्यामुळे तुम्ही निवडलेला बिंदू तपासलाच जात नाही. टाइम स्पायची ९७ टक्क्यांची अटही फ्रेमरेट एकसारखा राहतो की नाही एवढंच सांगते, चित्र बरोबर आलं की नाही हे ती बघत नाही. तीन वेगळ्या तऱ्हेचे भार द्या. एक, रे ट्रेसिंगचा: पोर्ट रॉयल हा बेंचमार्क किंवा क्वेक टू आरटीएक्स हा गेम. रे ट्रेसिंगचे आणि टेन्सरचे (एआयच्या गणितांचे) कोअर चिपचे वेगळे भाग आहेत, साध्या चाचणीत ते निवांत असतात. साध्या गेममध्ये तासन्‌तास चालणारा वेग इथे एक-दोन पायऱ्या खाली आणावा लागणं नेहमीचं आहे. दुसरा, अर्धवट भाराचा: एखादा जुना गेम ६० फ्रेमला बांधून खेळा, म्हणजे वर चढायची गरज न पडता कार्ड कर्व्हच्या खालच्या भागात, ७५० ते ८५० मिलिव्होल्टमध्ये फिरत राहील. सरसकट ऑफसेट वापरणाऱ्यांचे ‘व्हिडिओ बघतानाच हँग होतं’ हे कोडं इथे सुटतं. तिसरा, चढउताराचा: गेममधून ऑल्ट-टॅबने बाहेर, पुन्हा आत, लेव्हल पुन्हा लोड, असं वीस-पंचवीस वेळा. भार एकदम चढतो तेव्हा चिपवरचं व्होल्टेज क्षणभर खाली झुकतं, आणि काठावरचा बिंदू नेमका तिथे चुकतो.

आता मेमरी. ३०७० ची जीडीडीआर६ मेमरी १४ गिगाबिटची, बस २५६ बिटची, म्हणून मूळ बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याचा वेग) सेकंदाला ४४८ गिगाबाइट. +१००० म्हणजे १६ गिगाबिट, ५१२ गिगाबाइट. काही कार्डं हे पेलतात, पण क्रॅश झाला नाही म्हणून मेमरी स्थिर आहे असं समजू नका. मेमरी आणि चिप यांच्या दुव्यावर चुका तपासण्याची सोय असते. आरटीएक्स ३०८० वगैरेंच्या जीडीडीआर६एक्समध्ये तर चूक सापडली की तोच डेटा पुन्हा पाठवला जातो. चित्र स्वच्छ राहतं, वेळ मात्र वाया जातो आणि स्कोअर घसरू लागतो. म्हणून मेमरी स्कोअरवर बसवायची असते. कोअर आधी बसवून घ्या, मग मेमरी १०० च्या पायरीने वाढवा. प्रत्येक पायरीवर सुपरपोझिशन हा बेंचमार्क तीनदा चालवून सरासरी लिहून ठेवा. स्कोअर वाढायचा थांबला किंवा खाली आला, की त्या आकड्यातून १०० ते १५० वजा करा. शेवटी ओसीसीटी या प्रोग्रामची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी अर्धा तास. तिथे शून्य म्हणजे शून्यच हवं. दोन-चार चुका चालतील असं काही नसतं.

लक्षणांवरूनही ढोबळ अंदाज येतो. रंगीत ठिपके, चमकणारे चौकोन, टेक्स्चरवर भलतंच चित्र ही बहुधा मेमरीची लक्षणं. वस्तूच्या कडेतून लांबच लांब त्रिकोण बाहेर येणं, काही सूचना न देता गेम बंद होणं ही बहुधा कोअरची. ‘बहुधा’ म्हणतो, कारण दोन्हीकडे अपवाद भरपूर आहेत. निकाल कोअर-मेमरी वेगळे करण्याच्या चाचणीनेच द्यावा.

मेमरीच्या उष्णतेचा एक पेच आहे: ३०७० वर मेमरीच्या तापमानाचा आकडा सॉफ्टवेअरला मिळतच नाही. जीडीडीआर६एक्सच्या कार्डांवर एचडब्ल्यूइन्फो तो दाखवतो आणि तिथे ११० अंशांना वेग छाटला जातो. तुम्हाला आडून कळून घ्यावं लागेल. पंखे १०० टक्क्यांवर ठेवून तीच चाचणी घ्या. आधी तासाभराने येणारे ठिपके आता येत नसतील तर मेमरी तापत होती. कोअर आणि हॉट स्पॉट यांच्यातला फरकही बघा. १०-१५ अंश सामान्य. २५-३० च्या वर गेला असेल तर थर्मल पेस्ट सरकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही, आणि तुमच्या ७२ अंशांना काही अर्थ उरत नाही.

ऋतूचा हिशेबही धरा. खोलीचं तापमान जितकं वाढेल, पंख्यांचा वेग तोच असेल तर कार्डही जवळपास तितकंच वाढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत बसवलेलं सेटिंग मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४० अंशांच्या खोलीत १५-१८ अंश वर चाललेलं असेल. शेवटची चाचणी वर्षातल्या वाईट दिवसांत पुन्हा घ्या, नाहीतर हिवाळ्यातच एक पायरी जास्त मागे राहा.

विजेबद्दल: ३०७० साठी एनव्हिडियाने ६५० वॅटचीच शिफारस केली आहे, त्यामुळे तुमचा सप्लाय कागदावर पुरेसा आहे. पण या पिढीची कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीच्या बरीच वर वीज ओढतात आणि जुन्या किंवा हलक्या सप्लायचं संरक्षण त्यावर तुटतं. तसं झालं तर अख्खी मशीन बंद पडते, नुसता गेम नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत संशय कमी आहे. तरी दोन गोष्टी करून टाका. कार्डावर ८ पिनच्या दोन जागा असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन तोंडं लावू नका. आणि लॉगमध्ये भाराखालचं १२ व्होल्ट बघा. नियमाने ११.४ पर्यंत चालतं, पण मेन्यूत १२.१ आणि भाराखाली ११.५ अशी मोठी घसरण असेल तर केबल, कनेक्टर किंवा सप्लाय तपासायला घ्या.

मूळ सेटिंगवरही चार-पाच तासांत क्रॅश आला तर ग्राफिक्स कार्डाला दोष देणं थांबवा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून बघा. काठावरची रॅम हुबेहूब अशीच वागते. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर आणखी सावध राहा. त्यांच्यातल्या बिघाडामुळे अनरियल इंजिनच्या गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत असे, आणि त्यावर विसंबून लोकांनी विनाकारण ग्राफिक्स कार्डं बदलली. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा मशीनवर आधी बायोस अद्ययावत करा, ओव्हरक्लॉकचा विषय नंतर. ड्रायव्हरवर संशय असेल तर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या प्रोग्रामने तो पूर्ण काढा आणि नवा बसवा. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

हे वाचणाऱ्या एएमडीच्या रेडिऑन कार्डवाल्यांसाठी एक फरक. आरडीएनए २ आणि ३ या पिढ्यांच्या कार्डांवर एएमडीच्या ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर ठरावीक व्होल्टेज देत नाही, तो अख्खा कर्व्ह खाली ढकलतो. व्होल्टेज कमी केलं की वाचलेल्या विजेत कार्ड आणखी वर चढतं आणि तिथे पडतं. म्हणून व्होल्टेज उतरवताना कमाल फ्रीक्वेन्सीही सोबत खाली बांधायची.

शेवटी स्थिर ठरलेला कर्व्ह दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जतन करा, पहिलं प्रोफाइल मूळ सेटिंगसाठी राखून ठेवा. विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याचा पर्याय आठवडाभर रोजच्या वापरात काही न झाल्यावरच चालू करा. नवा ड्रायव्हर किंवा नवा जड गेम आला की रे ट्रेसिंगची चाचणी पुन्हा घ्या. पडला तर त्या बिंदूवरून एक पायरी, १५ मेगाहर्ट्झ, खाली.